सोनबाचा सलग अहवाल

ओढ्याकाठच्या एका गावात एक भोळा कारकून होता. नाव सोनबा. सांगितलेलं काम तंतोतंत करायचा, एवढीच त्याची खोड.

ओढ्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात अडलेल्या बाईला गुळाच्या काहिलीत बसवून पलीकडे न्यावं लागे. म्हणून ग्रामपंचायतीने पुलासाठी नव्वद पानांचा अहवाल केला. टाइप सोनबाने केला.

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "सोनबा, तालुक्याचे साहेब हा अहवाल कॉम्प्युटरवर वाचणार. दर पानाला मजकूर तुटतोय, मध्येच कोरी पट्टी येतेय. ती पट्टी काढून टाक. सलग कर."

सोनबाने पानं जोडली. परिच्छेद जोडले. मग शब्दही जोडले. नव्वद पानांचा एकच शब्द झाला.

"अरे शहाण्या, वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा? विषय बदलला की थांबावं, जागा सोडावी, ठळक मथळा द्यावा!"

"बरं, भाऊसाहेब."

अहवाल दुरुस्त होऊन गेला. चार दिवसांनी साहेब ओढा पाहायला आले. वाट दाखवायला सोनबा पुढे. देऊळ संपून शाळा आली. सोनबा थांबला. दहा पावलं जागा सोडली आणि ठळक ओरडला, "शाळा!" पुन्हा थांबला. "गुरांचा दवाखाना!" तिसऱ्या मथळ्याला साहेब दचकून गटारात बसले.

बसल्या बसल्याच म्हणाले, "आणि तो अहवाल! सरकवून सरकवून बोट दुखलं माझं. एवढं मधलं कोण वाचतं? सुरुवात ठेवा, शेवट ठेवा. मधलं काढा."

सोनबाने काढलं. उरलं ते असं : 'आमच्या ओढ्यावर पूल नाही. तरी मंजुरी मिळावी, ही विनंती.'

साहेबांनी त्याच दिवशी पूल मंजूर केला. गावाने सोनबाला हार घातला.

मग पुलाचा नकाशा पाठवायचा होता. तो लांबलचक, कॉम्प्युटरच्या पडद्यात मावेना. आता सोनबाला कुणाला विचारायची गरज नव्हती. सुरुवात ठेवली, शेवट ठेवला, पाठवून दिला. वरच्या कचेरीत सही झाली. ठेकेदाराने नकाशा पाहिला आणि तो फार खूश झाला. उन्हाळा संपायच्या आत काम उरकलं.

सरपंच हिराबाईंनी फीत कापली. दहा पावलं चालल्या आणि थबकल्या. खाली पाणी.

"सोनबा, पुढचा पूल कुठाय रे?"

"तो काय बाई, पलीकडच्या काठाला."

महिन्याने तपासणीचा शेरा आला : 'काम नकाशाबरहुकूम. पूल वाहतुकीस खुला करण्यास हरकत नाही.'