बार उडवायचं पत्र

एका डोंगरी राज्यात एक कोतवाल होता. माणूस सरळ, पण इतका दक्ष, की स्वतःच्या सावलीलाही नाव-गाव विचारील.

त्याला दोष तरी कसा द्यावा? वैऱ्यांनी भर बाजारात सुरुंग उडवला होता, सात माणसं गेली होती. म्हणून राजाने त्याला संशयास्पद पत्रं उघडायची मुभा दिली. अट एकच, आधी भागाईला कारण सांगायचं. भागाई ही गावची म्हातारी सुईण. चाळीस वर्षं घराघरात वावरली, पण या घरचं तिने त्या घरी कधी नेलं नाही.

कोतवालाला हे रुचेना. वैरी काय सुईणीला विचारून येतो, असं तो कुरकुरायचा. एके दिवशी त्याने न विचारताच एका कासाराचं पत्र फोडलं. आत लिहिलं होतं, 'सप्तमीला बार उडवून टाकू. माणसं तयार आहेत. वरच्या आळीत कळू देऊ नका.'

झालं, कासाराला बेड्या पडल्या. पत्र भर दरबारात वाचून दाखवतो, असं कोतवाल म्हणाला. बिचारा कासार रडवेला झाला, पण राजाने विचारूनही तोंड उघडेना.

दरबारात आलेल्या भागाईने पत्र मागून घेतलं आणि बोट ठेवत मनातल्या मनात वाचलं. मग ती कोतवालाच्या कानाशी लागली. त्याचा जन्म तिच्याच हातचा.

"लेकरा, तुझ्या लग्नाचा बार काय तोफेनं उडवला होता? याच्या पोरीची दोन स्थळं वरच्या आळीतल्यांनी मोडली. तू हे मोठ्यानं वाचलंस, की तिसरंही मोडेल."

कोतवालाचा चेहरा पडला.

"काय आहे पत्रात?" राजाने विचारलं.

"घरातलं आहे महाराज, राज्याचं नाही," भागाई म्हणाली.

राजाला ऐकायची फार उत्सुकता होती. तरी त्याने पुन्हा विचारलं नाही. कोतवालाने स्वतःच्या हातांनी बेड्या काढल्या आणि कासाराची माफी मागितली. सप्तमीला पोरीचं लग्न थाटात लागलं.

त्यानंतर कोतवाल प्रत्येक वेळी भागाईकडे जाऊ लागला. कारण सांगता सांगता निम्मे संशय त्याचे त्यालाच पोकळ वाटायचे. जिथे कारण खरं असे, तिथे भागाईच म्हणायची, "उघड, उशीर नको करूस."

महिन्याभराने तोच कासार चौकीवर आला. शेजारच्या कोठीत दोन परके उतरले होते आणि तिथून दारूगोळ्याचा वास येत होता. दुसरा सुरुंग तिथेच सापडला. कित्येकांचे जीव वाचले.

"मी तुला बेड्या घातल्या होत्या. तरी माझ्याकडे आलास?" कोतवालाने विचारलं.

कासार म्हणाला, "आता तुम्ही विचारून उघडता, म्हणून आलो."

तात्पर्य: राखणदार हवाच, पण त्याला 'का?' विचारणारं कुणी असेल, तरच लोक त्याला आपला मानतात.