बुवांची पाठदुखी

“…मग चुकतंय कुठं, एवढंच सांगा बुवा. बाकी सगळं मला येतं.”

यशोधन हातवळणे हे म्हणाला तेव्हा त्याच्या एका हातात नकाशांची गुंडाळी होती, दुसऱ्या हातात फोन होता, आणि अंगातल्या शर्टाची इस्त्री कडक होती. साइटवर असा शर्ट घालून येणारा इंटिरिअरवाला अख्ख्या नाशकात तोच एक असावा.

बुवा रंगाच्या उपड्या डब्यावर बसून शेंगदाणे खात होते.

त्यांचं खरं आडनाव गणपुले. आयुष्यभर त्यांनी लोकांची ऑफिसं सजवून दिली आणि आता ते निवृत्त झाले होते. खुर्ची दिली तरी डब्यावर बसायचे, कुणी अंगावर धावून आलं तरी हसायचे, म्हणून साइटवरची माणसं त्यांना बुवा म्हणत. यशोधन त्यांच्याच हाताखाली तयार झाला. मग एक दिवस ‘आता इथं शिकण्यासारखं काही उरलं नाही’ असं सांगून त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. बुवांनी त्याला पेढा भरवून निरोप दिला होता.

त्याच बुवांना आज फोन करताना त्याच्या फार जिवावर आलं होतं. पण इलाज नव्हता. विम्याचं काम करणाऱ्या एका कंपनीचं हे ऑफिस सोमवारी सुरू व्हायचं होतं, आणि छत काही केल्या बंद होत नव्हतं. छत म्हणजे खरं छत नव्हे. त्याच्याखाली जे पांढरंशुभ्र, गुळगुळीत खोटं छत लावतात आणि ज्याच्या पोटात एसी, पाइप, वायरी असा सगळा पसारा दडवतात, ते. ते दोनदा बंद झालं आणि दोनदा उघडावं लागलं. एकदा एसीचं पाणी टपकलं म्हणून, एकदा आग विझवायच्या पाइपाला गळती लागली म्हणून.

कंपनीच्या देवयानी मॅडम शांत स्वभावाच्या. त्या ओरडल्या नाहीत. “तिसऱ्यांदा उघडलंत तर काम दुसऱ्याला देईन,” एवढंच म्हणाल्या.

आणि आज चार वाजता त्या बंद झालेलं छत बघायला येणार होत्या.

“सगळं येतं तुला?” बुवांनी विचारलं.

“येतं की. वेळापत्रक आहे, प्रत्येक कामाला वेगळा रंग दिलाय. माल वेळेवर येतो. नकाशांवर मॅडमची सही आहे. प्रत्येक मिस्त्रीला मी रोज स्वतः भेटतो.”

“वा!”

“आणि बुवा, तुमच्या साइटवर रोज जुंपलेली असायची. माझ्या साइटवर आजवर एक भांडण झालेलं नाही.”

बुवांचा शेंगदाण्याचा हात तोंडापाशीच थांबला.

“एकही नाही?”

“एकही नाही! एसीवाले सकाळी येतात, पाइपवाले दुपारी, छतवाले त्यांच्यानंतर. कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही.”

“अरेरे,” बुवा म्हणाले.

यशोधनला वाटलं, म्हातारपणामुळे ऐकण्यात काहीतरी गफलत झाली असावी. त्यानं पुन्हा सांगितलं. बुवांनी पुन्हा अरेरे केलं, आणि शेंगदाण्यांची टरफलं झटकून ते उठले.

“सगळ्यांना बोलाव.”

“एकदम?”

“एकदम.”

“बुवा, चार वाजता मॅडम येतायत. रामसजनला आत्ता छताचे पत्रे लावायला…”

“थांबव त्याला.”

यशोधनचं रंगीत वेळापत्रक कोलमडलं. पण बोलावून आणलेल्या वैद्याचं औषध नाकारायचं तरी कसं? त्यानं फोन केले.

थोड्या वेळात तिघं जमले. एसीचे इरफानभाई, पाइपवाले धोंडगे आणि छताचा मिस्त्री रामसजन. एकाच ऑफिसात इतके दिवस राबलेली ही माणसं एकमेकांकडे असं बघत होती, जणू लग्नात मुलाकडची आणि मुलीकडची पहिल्यांदाच समोर आलीत.

बुवांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, चपला उशाला घेतल्या आणि ते चक्क आडवे झाले.

हे मात्र यशोधनला नवीन नव्हतं. बुवांची पाठ धरते हे त्याला ठाऊक होतं. त्यांच्या प्रत्येक साइटवर, छत बंद व्हायच्या सुमाराला, ते असेच भुईवर लवंडत. मिस्त्री लोकही मालकाचं मन राखायला शेजारी पडत. यशोधन तेवढा वेळ नकाशे धरून अदबीनं बाजूला उभा राही. म्हाताऱ्या माणसाला चार घटका आराम लागायचाच, असं तो मनाशी म्हणे.

“पाठ दुखतेय का, बुवा? खुर्ची आणू?”

“पाठीला काय झालंय माझ्या? आडवे व्हा सगळे.”

तिघे मिस्त्री आडवे झाले. त्यांना काय, जेवल्यावर ते कुठल्याही साइटवर असेच पडत.

“यशोधन…”

“माझा शर्ट…” यशोधन म्हणाला.

बुवा वर बघत राहिले.

यशोधननं घड्याळ पाहिलं. मग जमिनीवरचा भुसा पाहिला. मग डोळे मिटून, थंड पाण्यात उतरावं तसा, तो एकदाचा आडवा झाला. इस्त्री मोडल्याचं त्याला खरोखर ऐकू आलं.

वर उघडं छत होतं. पत्र्याच्या पट्ट्यांच्या चौकटी, आणि त्यांच्या वर सगळा पसारा.

पाचही जण वर बघत होते.

“धोंडगे,” इरफानभाई हळूच म्हणाले, “तो लाल पाइप तुमचाच ना?”

“माझाच.”

“माझ्या मशीनच्या बरोब्बर खालून गेलाय की हो. जाळी धुवायला काढायची झाली तर हात कुठून घालू?”

“तुमचं मशीन नंतर आलं. माझा पाइप आधी गेलाय.”

“मग मी मशीन गच्चीत बसवू काय?”

“बसवा!”

“अरे वा रे वा! आणि जाळी तुंबून पाणी पुन्हा गळालं की शिव्या कुणाला? मला!”

“अन् गळती लागली तवा मला कोण वाचवायला आलं होतं?”

“भाईसाब,” रामसजन मध्ये पडला, “मशीनच्या खाली झाकण ठेवायचं होतं का? मला कोणी बोललंच नाही. मी तर सगळं सपाट करून टाकत होतो.”

झालं. तिघंही एकदम बोलायला लागले. ज्या साइटवर एकही भांडण झालं नव्हतं, त्या साइटची सगळी थकबाकी तासाभरात वसूल होईल अशी चिन्हं दिसू लागली. यशोधनला घाम फुटला. तो उठायला लागला, तेवढ्यात बुवांनी त्याच्या बाहीला धरून त्याला खाली ओढलं.

“पडून राहा. मजा बघ.”

आणि खरोखरच गंमत झाली. उताणं पडून माणसाला फार वेळ भांडता येत नाही. हातवारे करायचे तर ते छताकडे होतात, आणि डोळे वटारायचे तर समोर शत्रू नसतो, पाइप असतो. धोंडग्यांनी तावातावानं पाइपाकडे बोट दाखवलं आणि ते बोट हळूहळू डावीकडे सरकलं.

“…इथून नेला तर?” ते म्हणाले.

“मग मशीन मोकळं होतंय,” इरफानभाई म्हणाले.

“मग झाकण तिथे ठेवतो. उघडायला सोपं,” रामसजन म्हणाला.

“परवापर्यंत होईल?” यशोधनच्या तोंडून निघून गेलं.

“उद्या पाइप वळवतो. परवा पाणी भरून दाखवतो,” धोंडगे म्हणाले. “मग लावू दे ह्याला पत्रे.”

इतकं सोपं! यशोधनचा जीव भांड्यात पडला.

आणि नेमका तेव्हाच दारातून आवाज आला.

“हे काय चाललंय?”

देवयानी मॅडम दारात उभ्या होत्या. समोर उघडं छत, आणि खाली एका ओळीत पडलेले पाच पुरुष.

यशोधनच्या मनात क्षणात बरंच काही येऊन गेलं. ताडकन उठावं. शर्ट झटकावा. माल उशिरा आला म्हणावं. पत्रे आत्ता तासाभरात लावून टाकतो म्हणावं. हे सगळं त्याला उत्तम येत होतं.

त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवांचे डोळे छताकडेच.

“मॅडम,” तो पडल्यापडल्याच म्हणाला, “छत आज बंद करत नाहीये. केलं असतं तर तिसऱ्यांदा उघडावं लागलं असतं. चूक माझी आहे. मी ह्या तिघांना कधी एकत्र येऊच दिलं नाही. परवा पाणी भरून तपासू, मग बंद करू. तुमचा सोमवार चुकणार नाही.”

मॅडमनी वर उघड्या छताकडे पाहिलं. यशोधननं केबिनकडे बोट दाखवलं.

“आणि… तुम्हीही एकदा आडव्या व्हाल का? तुमच्या केबिनमध्ये?”

आपल्याला कामावरून काढून टाकण्याच्या बेतात असलेल्या बाईला असं म्हणणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर शहाणा व्हायला लागलेला असतो. मॅडमनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग त्यांना हसू आलं. बुवांच्या शेजारी मोकळं पडलेलं वर्तमानपत्राचं पान उचलून त्या केबिनमध्ये गेल्या.

आत वर्तमानपत्र पसरल्याचा आवाज आला.

“अहो,” आतून हाक आली, “ही एसीची खिडकी माझ्या खुर्चीच्या डोक्यावर आहे?”

“नकाशात तिथंच आहे, मॅडम,” इरफानभाई ओरडले. “तुमची सही आहे त्याच्यावर!”

“सही आहे हो. पण नकाशात मी बसलेली नव्हते! दिवसभर गार वारं डोक्यात? मला आधीच सर्दी.”

“सरकवतो! आत्ता पाच मिनिटांचं काम. पत्रे लागल्यावर बोलल्या असतात तर…”

 सगळे हसायला लागले, मॅडमसुद्धा. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पाठीला भुसा लागला होता आणि तो झटकायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

“परवा संध्याकाळी येते,” त्या यशोधनला म्हणाल्या. “छत तुम्हीच बंद करा. पण मी आल्यावर. आधी एकदा पडून बघेन.”

त्या गेल्या. मिस्त्री कामाला लागले. इरफानभाई आणि धोंडगे एकाच शिडीवरून, एकमेकांना शिव्या देत, मोठ्या प्रेमानं पाइप मापू लागले.

यशोधन उठून बसला. शर्टाचं पोतेरं झालं होतं. फार दिवसांनी त्याला मनापासून आनंद झाला होता, आणि आनंदात थोडा रागही होता.

“बुवा, इतकी वर्षं तुमच्या हाताखाली होतो. हे मला तेव्हाच का नाही शिकवलंत?”

बुवांनी उशाच्या चपला पायात घातल्या. खिशातले उरलेले शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले.

“शिकवलं की,” ते म्हणाले. “तेव्हा तू उभा होतास.”