भुरक्याचं हसू

विहीर आटायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिच्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरण पक्षी घरटी विणायचे. गवताच्या पातीची पहिली गाठ फांदीला पक्की बसली, की पुढचं घरटं होतंच; पण त्यांच्यातल्या भुरक्याला ती गाठच जमत नसे. सकाळी शिकलेलं तो दुपारी विसरायचा. त्याची पात सुटून विहिरीत पडली, की सगळी बाभूळ हसायची आणि भुरक्या पंखात मान खुपसून बसायचा.

एके दिवशी शेजारच्या शिवारातला झिपऱ्या तिथं विणायला आला. त्याला तर पात चोचीत नीट धरताही येईना. ती तीनदा पडली. सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला भुरक्या.

"अरे, याला तर काहीच येत नाही!"

आज आपण हसणाऱ्यांत आहोत, याचं त्याला कोण अप्रूप वाटलं!

झिपऱ्या हळूच त्याच्या शेजारी येऊन बसला.

"भुरक्यादादा, मी येणारच नव्हतो. आई म्हणाली, त्या भुरक्याकडे बघ. रोज त्याची गाठ सुटते, रोज त्याला हसतात, तरी तो नवी पात घेऊन येतोच. म्हणून आलो."

भुरक्याला मान वर करवेना. बाकीचे केव्हाच आपापल्या विणकामाला लागले होते. त्याचं स्वतःचं हसू मात्र खाली विहिरीत अजून घुमतंय असं त्याला वाटलं. त्यानं कान देऊन ऐकलं. ते हुबेहूब त्या सगळ्यांच्या हसण्यासारखंच होतं.