यल्लप्पा मुकादमाचे तीन श्वास

खैरदरा गावाच्या टेकडीवर चिमणबुवा महाराजांचा लहानसा मठ होता. त्या वर्षी गावात नवी विहीर खोदली जात होती. खोदणाऱ्या वडारांचा मुकादम यल्लप्पा हा महाराजांचा भक्त.

दोन वर्षांपूर्वी यल्लप्पाने घाईत हुकूम दिला आणि दुसऱ्या एका विहिरीत उतरलेला त्याचा धाकटा भाऊ दरडीखाली सापडून गेला. तेव्हा तो रडत मठात आला होता. महाराज म्हणाले, "बाळा, हुकूम देण्याआधी जमिनीवर हात ठेव. डोळे मिटून तीन श्वास सावकाश घे. मग प्रत्येकाच्या तोंडाकडे बघ आणि तो जे सांगेल ते पुरतं ऐकून घे. हीच तुझी पूजा."

भावाचे दुःख काही सरले नाही, पण ही पूजा यल्लप्पाने एक दिवसही चुकवली नाही.

विहीर खोदून घेणारे गावचे खंडेराव पाटील मात्र थट्टा करत. "मुकादम आहेस की बगळा? डोळे मिटून कुठं माणसं चालवता येतात?"

एके सकाळी श्वास घेऊन यल्लप्पाने सगळ्यांकडे पाहिले. म्हातारा भीमण्णा विहिरीकडेच बघत होता.

"काय झालं, मामा?"

"पूर्वेची कड भिजलीय. मला भ्या वाटतंय."

यल्लप्पाने तिथेच काम थांबवले. पाटील खवळले. "भित्रे सगळे! माझा सत्त्वाजी उतरेल." बापाच्या शब्दाखातर तो तरुण मुलगा दोर धरून उतरलाही.

"पोराला वर आणतो," म्हणत भीमण्णा त्याच्या मागोमाग गेला. तो तळाशी पोचतो न पोचतो, तोच पूर्वेची कड ढासळली!

काठावर एकच आकांत झाला. जो तो फावडे घेऊन धावला. यल्लप्पा मात्र खाली बसला आणि त्याने जमिनीवर हात टेकला.

"अरे, आता तरी डोळे मिटू नकोस!" पाटील ओरडले.

पहिला श्वास. दुसरा. तिसऱ्या श्वासाला अगदी कानाशी महाराजांचा आवाज आला, "उत्तरेकडून जा. हातांनी उकर. फावडं लावू नकोस."

वडार उत्तरेच्या बाजूने उतरले. हातांनी माती उपसता उपसता भीमण्णाची पाठ हाताला लागली. सत्त्वाजीला पोटाशी धरून तो ओणवा झाला होता. सत्त्वाजी जिवंत होता. भीमण्णा गेला होता.

संध्याकाळी महाराज स्वतः टेकडी उतरून आले. त्यांची नखे तुटली होती, बोटे रक्ताळली होती. सकाळी, कड ढासळली त्याच वेळी ते मठाच्या अंगणात दोन्ही हातांनी जमीन उकरत बसले होते, असे सेवेकऱ्यांनी सांगितले.

यल्लप्पाने हंबरडा फोडला. "महाराज, मामाला का नाही वाचवलंत?"

महाराजांचे डोळे भरून वाहू लागले. "एवढंच हाती लागलं रे," ते म्हणाले आणि त्याला जवळ घेऊन बसले.

पाटील महाराजांच्या पायांशी वाकू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि भीमण्णाच्या बायकोकडे, गंगव्वाकडे, बोट दाखवले. पाटील गंगव्वासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, तुमच्या माणसानं माझं पोर राखलं."

"माझ्या माणसाचं नाव ठाऊक आहे का, पाटील?"

चार महिने तो माणूस त्यांच्या विहिरीवर राबला होता. पाटलांना नाव सांगता येईना. पागोटे काढून त्यांनी खाली ठेवले.

"सांगा, बाई."

"भीमण्णा."

"भीमण्णा," पाटील पुटपुटले आणि गंगव्वाच्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखे रडले.