टिंबूच्या टोपीचा अर्ज

विषय : लाल टोपी परत मिळण्याबाबत.
अर्जदार : टिंबू एल्फ, मुक्काम रणनवरे यांचे घर, श्रीरामपूर.
संदर्भ : नाताळची गंमत. तोंडी ठरलेली.

वरील विषयाबाबत हकिकत अशी.

एल्फ म्हणजे वीतभर बुटका. लाल टोपी. लाल बूट. नाताळ जवळ आला की तो घरी येतो. रोज नव्या जागी बसतो. मुले त्याला शोधतात. सापडला की हसतात. एवढेच त्याचे काम. पण काम ते कामच.

लहानग्या शलोमीच्या घरी एल्फ यायचे ठरले. त्यासाठी बैठक बसली. करंज्या लाटता लाटता बसली.

पप्पा म्हणाले, "आधी नियम करू. नियम नसले की गंमत बिघडते."

मम्मी म्हणाली, "दुपारी शलोमी झोपली की टिंबूने जागा बदलायची."

पप्पा म्हणाले, "आणि माणसांशी बोलायचं नाही. एक अक्षर नाही."

आजी म्हणाली, "आमच्या वेळी नाताळला करंज्या असायच्या. बुटके नव्हते. येऊ दे मेला. पण टापटीप बसायचं. चहाच्या वेळी डोक्यावर टोपी दिसली नाही, तर डब्यात. डबा माळ्यावर. थेट पुढच्या नाताळापर्यंत."

"अहो आई, लहान आहे तो," मम्मी म्हणाली.

"लहान आहे म्हणूनच डब्यात मावतो," आजी म्हणाली.

डब्यात अंधार. डब्यात डांबरगोळ्यांचा वास. टिंबूने दाराआडून सगळे ऐकले. टिंबू काही बोलला नाही. नियम होता.

मग एक दुपार झाली. शलोमी आतल्या खोलीत झोपली. आजी आरामखुर्चीत झोपली. घुर्रर्र... फुस्स. घुर्रर्र... फुस्स.

टिंबू निघाला. टुप टुप टुप. कपाटावर चढला. तिथे धूळ होती.

आंक्छी!

टोपी उडाली. कपाटामागे पडली. टप्प!

टिंबू खाली उतरला. टुप टुप टुप. कपाटाखाली वाकून पाहिले. तिथे उंदीरमावशी बसली होती. टोपी तिच्याजवळ होती. टोपीत तिने पिल्ले ठेवलीसुद्धा होती. गुलाबी, उघडी, एकमेकांवर रचलेली.

टिंबू म्हणाला,
"मावशी, मावशी, टोपी दे.
टोपी नाही, तर डब्यात जायचे.
डब्यात आहे अंधार फार!"

मावशी म्हणाली, "थंडी पडलीय. पिल्लं कुडकुडतात. टोपी उबदार आहे. तू कापूस आण. मग टोपी ने."

टिंबू निघाला. टुप टुप टुप. दिवाणावर उशी होती. गुबगुबीत. पोटात कापूस भरलेला.

टिंबू म्हणाला,
"ताई, ताई, कापूस दे.
कापूस दिला, तर मावशी देईल टोपी.
टोपी नाही, तर डब्यात जायचे.
डब्यात आहे अंधार फार!"

उशी म्हणाली, "देईन की. माझ्याकडे खूप आहे. पण शिवण पक्की आहे. शिवण काप. मग कापूस ने."

घुर्रर्र... फुस्स.

टिंबू निघाला. टुप टुप टुप. शिवणाच्या मशीनवर कात्री होती. म्हातारी. गंजलेली.

टिंबू म्हणाला,
"वहिनी, वहिनी, शिवण काप.
शिवण कापली, तर उशी देईल कापूस.
कापूस दिला, तर मावशी देईल टोपी.
टोपी नाही, तर डब्यात जायचे.
डब्यात आहे अंधार फार!"

कात्री म्हणाली, "कर्रर्र. ऐकलंस? हा माझा गुडघा. एक पाय म्हणतो चल. दुसरा म्हणतो बस. तू तेल आण. मग मी कापते."

टिंबू निघाला. टुप टुप टुप. खिडकीजवळच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती. तेल पांढरे झाले होते. दगडासारखे घट्ट.

टिंबू म्हणाला,
"भाऊ, भाऊ, तेल दे.
तेल लागले, तर कात्री कापेल शिवण.
शिवण कापली, तर उशी देईल कापूस.
कापूस दिला, तर मावशी देईल टोपी.
टोपी नाही, तर डब्यात जायचे.
डब्यात आहे अंधार फार!"

तेल म्हणाले, "मी थिजलोय. डिसेंबरात माझं असंच असतं. मार्चमध्ये ये."

"मार्चमध्ये मी डब्यात असेन!"

"मग ऊन आण. ऊन लागलं की मी हलतो. एरवी मी हलत नाही."

घुर्रर्र... फुस्स.

टिंबू निघाला. टुप टुप टुप. खिडकीवर चढला. पडद्याच्या फटीतून बाहेर डोकावला. बाहेर ऊन उभे होते. पिवळे. रिकामे.

टिंबू म्हणाला,
"काका, काका, आत या.
ऊन आले, तर तेल होईल पातळ.
तेल लागले, तर कात्री कापेल शिवण.
शिवण कापली, तर उशी देईल कापूस.
कापूस दिला, तर मावशी देईल टोपी.
टोपी नाही, तर डब्यात जायचे.
डब्यात आहे अंधार फार!"

ऊन म्हणाले, "मी रोज दुपारी येतो रे. इथेच उभा राहतो. मला आत कोण घेतंय? मध्ये पडदा आहे. पडदा सरकव. मग मी येतो."

टिंबू वळला. पडदा समोरच होता. जाड. निळा. जमिनीपर्यंत लांब.

टिंबू म्हणाला,
"साहेब, साहेब, बाजूला व्हा.
पडदा सरकला, तर ऊन येईल आत.
ऊन आले, तर तेल होईल पातळ.
तेल लागले, तर कात्री कापेल शिवण.
शिवण कापली, तर उशी देईल कापूस.
कापूस दिला, तर मावशी देईल टोपी.
टोपी नाही, तर डब्यात जायचे.
डब्यात आहे अंधार फार!"

पडदा म्हणाला, "मला आजीबाईंनी ओढलं. माणसाच्या हाताने ओढलं. मी माणसाच्या हातानेच सरकतो. त्यांना सांग."

"मला माणसांशी बोलता येत नाही, साहेब. नियम आहे."

"मग माझाही आहे," पडदा म्हणाला. आणि सरळ लोंबत राहिला.

टिंबूने पडदा ओढून पाहिला. हुश्श! पडदा हलला नाही. टिंबू मात्र खाली पडला. ढुप!

टिंबू उठला. आजीच्या खुर्चीपुढे गेला. मान वर केली. तोंड गच्च मिटले. आणि मनातल्या मनात म्हणाला,
"आजी, आजी, पडदा सारा.
पडदा सरकला, तर ऊन येईल आत.
ऊन आले, तर तेल होईल पातळ.
तेल लागले, तर कात्री कापेल शिवण.
शिवण कापली, तर उशी देईल कापूस.
कापूस दिला, तर मावशी देईल टोपी.
टोपी नाही, तर डब्यात जायचे.
डब्यात आहे अंधार फार!"

आजी म्हणाली, "घुर्रर्र... फुस्स."

मनातले कुणाला ऐकू येत नाही. आजीला तर जागेपणीही कमीच येते.

टिंबू पडद्यापाशी परत आला. खाली बसला. उघडे डोके दोन्ही हातांनी झाकले.

तेवढ्यात पाऊल वाजले. पट पट पट. शलोमी उठून आली होती. केस विस्कटलेले. एक मोजा पायात, एक हातात.

"सापडला!" शलोमी म्हणाली. मग ती थांबली. "टिंबू, तुझी टोपी कुठंय?"

टिंबू गप्प.

"हरवली?"

टिंबू गप्प.

"बोल ना रे. मी कुणाला नाही सांगणार."

टिंबूला खूप बोलायचे होते. पण तो गप्पच.

शलोमीने खोलीभर पाहिले. खोलीत काळोख होता. "अंधाराची भीती वाटते? मला पण वाटते," ती म्हणाली.

आणि तिने पडदा ओढला. दोन्ही हातांनी. सर्रर्रर्र!

पडदा सरकला. ऊन आत आले. ऊन फळीवर पडले. ऊन आजीच्या नाकावरही पडले.

"कोण आहे? कुणी उघडलं?" आजी जागी झाली. चष्मा लावला. टिंबूकडे पाहिले. "हे काय? बोडकाच? अगं सुनंदा, तो डबा काढ माळ्यावरून!"

मम्मी दारात आली. "आई, अजून चहा झालेला नाही. चहापर्यंत मुदत आहे ना?"

"मग चहा ठेव. आणि डबाही काढ. दोन्ही कामं सोबत होतील."

"आजी, नको ना डब्यात!" शलोमी म्हणाली.

"ठरलंय ते ठरलंय. चल, तोंड धू आधी."

सगळ्या आत गेल्या. आत पातेले वाजले. ठण्ण. स्टूल सरकले. खर्रर्र. डबा खाली आला. धप्प.

टिंबू उठला. टुप टुप टुप टुप!

ऊन आले, म्हणून तेल झाले पातळ. सगळे नाही. कडेकडेने थोडेसे. टिंबूने बाटली कलती केली. टिप्... टिप्.

तेल लागले, म्हणून कात्रीने कापली शिवण. आधी जरा कण्हली. मग कचक कचक.

शिवण कापली, म्हणून उशीने दिला कापूस. फुस्स! पांढरा, मऊ, टिंबूहून मोठा.

आत चहा उकळू लागला. खदखद खदखद.

टिंबूने कापूस डोक्यावर घेतला. टुप टुप टुप टुप! कपाटापाशी पोचला. धापा टाकत म्हणाला,
"मावशी, मावशी, कापूस घे! टोपी दे!"

मावशीने कापूस घेतला. दाबून पाहिला. हुंगून पाहिला. "छान आहे. स्वच्छ आहे," ती म्हणाली. कापूस तिने नीट पसरला. मऊ गादी झाली.

"आता टोपी?"

"शूऽऽ! पिल्लं आत्ताच झोपलीत. उठली की देते."

"उचलून ठेव ना गादीवर!"

"एक उचललं की सगळी उठतात. मग सगळ्यांची चीं चीं. कोण निजवणार? तू?"

"मावशी, चहा होत आलाय!"

"तुझ्या घरी झोपलेल्या बाळाला उठवतात का?"

टिंबूने विचार केला. त्या घरी शलोमी झोपली की दाराची बेलसुद्धा बंद करतात. पप्पा चपला हातात घेऊन चालतात.

"नाही उठवत," टिंबू म्हणाला.

"मग बस."

टिंबू बसला.

आत मम्मीने चहात दूध घातले. आजीने डबा फडक्याने पुसला. टेबलावर ठेवला. झाकण काढून बाजूला ठेवले.

शलोमी म्हणाली, "आजी, हळू पी हं चहा. गरम असतो."

"अजून गाळलाही नाही गं, बाई," आजी म्हणाली.

कपाटाखाली एका पिल्लाने जांभई दिली. टिंबू पुढे वाकला. पिल्लाने कूस बदलली. परत झोपले.

सद्यःस्थिती अशी. अर्ज पोचला आहे. कापूस पोचला आहे. टोपी पिल्लांखाली आहे. चहा गाळणे सुरू आहे.

अर्ज प्रलंबित आहे.