तांबडा दोरा

काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, त्याबरोबर आपला सगळा अधिकारही काढून द्यायचा, आणि मग "आता आमचा काय संबंध?" म्हणून हात झटकायचे, असे लोक आहेत. नाव कुणाचं घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे. आणि घर धुतलं गेलं की सगळ्यांत मोठ्यानं रडतात तेही हेच. तर लहानांनो, आणि लहानांच्या मागे बसून कान टवकारलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट नीट ऐका.

राज्यांना अजून नावंही पडली नव्हती, इतकी जुनी ही गोष्ट. एका उघड्याबोडक्या पठारावर एक राज्य होतं. तिथं बियाणं कुणी आपल्या घरी ठेवत नसे. घरात ठेवलं की उन्हाळ्यातली भूक ते खाऊन टाकी, आणि पेरणीच्या वेळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसत. म्हणून शहाण्या पूर्वजांनी गडाच्या पायथ्याशी एक बियाणघर बांधलं होतं. सुगी झाली की प्रत्येक घरानं आपलं बियाणं तिथं आणून घालायचं. पेरणी तोंडावर आली की घेऊन जायचं. मधल्या काळात त्याला कुणी हात लावायचा नाही.

बियाणघराला एकच दार होतं, आणि दाराची एक रीत होती. आत जायचं तर मनगटावर दोरा हवा. पांढरा दोरा असला तर अंगणात यावं, झाडावं, पाखडावं. पिवळा असला तर आतल्या खोलीत जाऊन बियाण्याच्या कणग्यांना हात लावावा. आणि तांबडा दोरा ज्याच्या मनगटावर, त्यानं दुसऱ्यांना दोरे बांधावेत, नको त्यांचे तोडावेत. हे दोरे रंगवणारी रंगारीणही तांबडा दोरा फक्त तांबडा दोरा असलेल्यालाच देई.

दारावर एक पहारेकरी उभा असे. त्याला सांगून ठेवलेलं होतं, तोंड बघायचं नाही, मनगट बघायचं. कारण तोंड बघितलं की सोयरा आठवतो, शेजारी आठवतो, आणि दार हळूच उघडतं. पहारेकरी हे इमानानं पाळी. सख्खा भाऊ समोर आला तरी तो म्हणे, "मनगट दाखव."

साऱ्या राज्यात तांबडा दोरा एकाच मनगटावर होता. ती बियाणघराची राखणदारीण. तिला सगळे आक्का म्हणत. राजानं स्वतः गडावरून खाली उतरून तिला तो दोरा बांधला होता.

आक्का कामाला वाघीण होती. पण त्या वर्षी तिला दिवस पुरेना. सकाळी दार उघडावं तर बाहेर माणसांची रांग. कुणाची सून नवी आली, तिला पांढरा दोरा हवा. कुणाचा दोरा घामानं कुजून तुटला. कुणी गाव सोडून गेलं, त्याचा दोरा तोडायचा राहिला. कुणाला पांढऱ्याचा पिवळा करून हवा. बांध, सोड, तोड, पुन्हा बांध. यातच ऊन डोक्यावर येई आणि उतरूनही जाई. खरं काम तसंच पडून राही. कणग्यांना ऊन दाखवायचं होतं. भेगा शेणामातीनं लिंपायच्या होत्या. राख आणि कडुलिंबाचा पाला घालायचा होता.

एके दिवशी तिनं ज्वारीच्या एका कणगीत हात घातला. मूठ बाहेर काढली तर तळहातावर पिठासारखी भुकटी, आणि त्यात वळवळणारी कीड. आक्कानं मूठ झटकली. ही कणगी गेली. आणखी किती जाणार? आणि पेरणीला लोक आले की काय सांगायचं, मी दोरे बांधत बसले होते?

ती तशीच रंगारणीकडे गेली. रंगारीण तिची लहानपणची मैत्रीण, जिभेची तिखट.

"मला माणूस हवाय," आक्का म्हणाली. "दोऱ्यांचं काम करायला."

"मग दे की कुणाला. कुणाला देतेस?"

"आमच्या दाजींना. धाकटीच्या नवऱ्याला. भला माणूस आहे."

"भला आहे, ते गावाला माहीत आहे," रंगारीण कढईत काठी फिरवत म्हणाली. "परवा एकानं त्याचा बैल मागून नेला, दुसऱ्यानं औत मागून नेलं, आणि हा बांधावर बसून दोघांना पाणी पाजत होता. त्याला नाही म्हणता येतं का गं?"

"तू चेष्टाच कर. इथं माझा जीव चाललाय."

"बरं, चेष्टा राहू दे. किती द्यायचं ते ठरवलंस का?"

"किती म्हणजे? काम द्यायचं म्हणजे सगळंच द्यायचं. अर्धं देऊन का काम होतं?"

रंगारणीनं काठी बाजूला ठेवली. तिनं तांबडा दोरा काढून दिला. आक्का जवळजवळ पळतच दाजींच्या घरी गेली आणि त्यांच्या मनगटावर तो बांधून मोकळी झाली.

इथं थांबून एक सांगतो. काम वाटून देण्यात आक्काची काही चूक नव्हती. एकट्यानं सगळं उरावर घेऊन कुढत बसणारी माणसं मला मोठी वाटत नाहीत. चूक दुसरीकडे झाली. ती कुठं झाली, ते आक्कालाही लगेच कळलं नाही.

कारण सुरुवातीला सगळं झकास चाललं. रांग पांगली. दाजी दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसत, येणाऱ्याची विचारपूस करत, हसतमुखानं दोरा बांधत. आक्का आत निवांत कणग्या लिंपत असे. कीड हटली. तिला पुन्हा जेवण गोड लागू लागलं.

मग एका दुपारी ती आतल्या खोलीत शिरली, तर एक अनोळखी माणूस बाजरीची कणगी हलवून बघत होता. मनगटावर पिवळा दोरा.

"तू कोण रे?"

"मी? मी इथलाच."

"दोरा कुणी बांधला?"

"दाजींच्या चुलतभावानं."

आक्काच्या हातातला शेणाचा गोळा खाली पडला. चुलतभावानं? त्याच्याकडे तांबडा दोरा आला कुठून? ती तरातरा कट्ट्यावर आली.

"दाजी, चुलतभावाला तांबडा दिलात?"

"हो, आक्का," दाजी अगदी मोकळेपणानं म्हणाले. "मला एकट्याला झेपेना हो. वाडीवरची माणसं रोज इतक्या लांबून यायची, उन्हात ताटकळायची. मग म्हटलं, तिकडचं तो बघेल. तुम्ही नाही का मला दिलात? तसाच मी त्याला दिला."

आता चुलतभावाचा दोरा कोणत्या तोंडानं तोडायचा? दाजींनी केलं होतं ते हुबेहूब तिनं केलं होतं तेच.

त्या दिवसापासून तिला माणसांची तोंडं दिसेनाशी झाली. नुसती मनगटं दिसू लागली. पाणवठ्यावर घागर उचलणाऱ्या बाईच्या मनगटावर तांबडा. देवळाच्या पायरीवर बसलेल्याच्या मनगटावर तांबडा. चुलतभावानं आपल्या साडूला दिला होता, साडूनं आपल्या व्याह्याला. प्रत्येकाला काम जड झालं होतं आणि प्रत्येकानं ते भल्या मनानं वाटून टाकलं होतं. त्यांनी पिवळे दोरे तर हळदीकुंकवासारखे वाटले होते. आणि दारावर पहारेकरी इमानानं मनगटं बघून सगळ्यांना आत सोडत होता.

उन्हाळा कडक होत गेला. घराघरांतलं खायचं धान्य आटलं. आक्का सकाळी कणग्यांवर थाप मारून बघे. भरल्या कणगीचा आवाज जड येतो, रिकामीचा पोकळ. एकेक आवाज पोकळ होऊ लागला.

शेवटी तिनं विळा घेतला आणि दोरे तोडायला सुरुवात केली. चुलतभावाचा तोडला, साडूचा तोडला. पण ती घरी जाऊन टेकते न टेकते तोच त्यांच्या मनगटांवर नवे दोरे. त्यांनीच कधी तरी तांबडा बांधलेली माणसं काय थोडी होती? ती एक तोडी, मागे दोन बांधले जात. तिला झोप लागेना. मृग तोंडावर आला होता.

मग एका सकाळी चुलतभाऊ चारचौघांना घेऊन अंगणात आला.

"आक्का, हात पुढे करा."

"कशाला?"

"तुम्ही माझा दोरा तोडलात. आता मी तुमचा तोडतो. तांबड्याला तांबडा तोडता येतो. रीत आहे."

"अरे, हा दोरा राजानं बांधलाय!"

"असेल. पण दिसतो माझ्यासारखाच. आमची पोरं उपाशी आहेत आणि तुम्ही दाणे राखत बसलाय."

"पोरांसाठीच राखतेय रे! आज खाल्लंत तर पुढच्या वर्षी त्यांना काय घालाल?"

कुणी ऐकलं नाही. एका बाईनं तिचा हात धरला. विळा फिरला. तांबडा दोरा जमिनीवर पडला आणि शेजारच्या कोंबडीनं गांडूळ समजून तो चोचीत धरून नेला. लोक हसले. आक्काला हसूही आलं नाही आणि रडूही आलं नाही. ती आपला विळा आणायला बाहेर गेली आणि परत दाराशी आली.

पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली. "मनगट, आक्का."

"अरे, मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो की." काठी त्यानं तशीच धरून ठेवली. "पण तोंड बघायचं नाही, असं तुम्हीच मला शिकवलंत."

ती दाजींकडे धावली. दाजी ओसरीवर डोकं धरून बसले होते. त्यांचं मनगट मोकळं होतं. "कुणाला तरी नाही म्हणालो," ते पुटपुटले. "जन्मात पहिल्यांदाच म्हणालो. त्यानं लगेच तोडला."

आता उरला गड. आक्का धापा टाकत गड चढली. पायाखालचा दगड न् दगड तिला विचारत होता, आतापर्यंत किती कणग्या पोकळ झाल्या असतील?

राजानं तिचं मनगट बघितलं. "दोरा कुठं आहे? कोण म्हणून बोलतेस?"

"कुणीच म्हणून नाही, महाराज. दोरा नाही म्हणूनच आले. मी काम दिलं, त्याबरोबर माझ्यासारखं दुसरं माणूस घडवायची ताकदही देऊन टाकली. वर कधी मागे वळून बघितलं नाही. चोर कुणी नाही. चूक माझी आहे."

राजानं गडावरून नगारा वाजवला. दवंडी फिरली: राज्यातले सगळे दोरे आजपासून रद्द. कुठलाही रंग असो, कुणीही बांधलेला असो. बियाणघराचं दार बंद.

त्यात निरपराधही भरडले गेले. वर्षानुवर्षं अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्या दाराबाहेर उभ्या राहून डोळे पुसत होत्या. "आम्ही काय केलं?" असं विचारत होत्या.

दार उघडलं ते थेट पेरणीला. अर्ध्याहून अधिक कणग्यांच्या तळाला नुसती राख आणि वाळका पाला होता. उरलेलं बियाणं मुठीमुठीनं वाटलं गेलं. ज्या घरांनी सुगीला पोती आणून घातली होती, ती पदरात दोन मुठी बांधून परतली. चुलतभावाच्या घरीही दोनच मुठी गेल्या. त्या वर्षी पठारावरची निम्मी शेतं काळीच राहिली. पुढच्या हिवाळ्यात कितीतरी माणसं गुरंढोरं घेऊन परमुलखात गेली. त्यातली काही परत आलीच नाहीत.

राजानं आक्काला पुन्हा तांबडा दोरा बांधला. ती तो घेऊन आधी रंगारणीकडे गेली.

"मला एक नवा रंग काढून दे," ती म्हणाली. "तो ज्याच्या मनगटावर असेल, त्यानं पांढरा बांधावा आणि पांढराच तोडावा. पिवळ्याला हात लावायचा नाही. तांबड्याला तर नाहीच. आणि आपल्यासारखा दुसराही करायचा नाही."

रंगारणीनं पळसाची फुलं भिजत घातली. केशरी दोरा निघाला. आक्का तो घेऊन दाजींच्या ओसरीवर गेली.

"मला नको, आक्का," दाजी दोन पावलं मागे सरकले. "नको म्हणजे नको."

"नको म्हणायला शिकलात, म्हणूनच तुम्हाला देतेय," आक्का म्हणाली आणि तिनं गाठ मारली. त्यानंतर दर अमावास्येला ती स्वतः अंगणात बसे आणि एकेक मनगट हातात घेऊन बघे. जो दोरा कुणाचा आणि कशासाठी ते सांगता येत नसे, तो ती तोडून टाकी.

काम खुशाल वाटून द्या. पण कामाला लागेल तेवढाच अधिकार द्या, आणि दिलेल्या अधिकारावरची नजर कधी काढू नका.

लोक मात्र पुढे कित्येक वर्षं बियाणघरावर चोर पडले होते, असंच सांगत राहिले. एकदा पारावर असंच बोलणं चाललं होतं. शेत काळं राहिलेली एक म्हातारी बाजूला शेंगा सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "चोर कसले रे? चोर असते तर भिंत फोडून आले असते. हे सगळे दारातून आले, मनगट दाखवून."