जैतुरामायची घोंगडी

"माय, आता तरी सांग ना. पेटीच्या तळाशी काय आंथरू?"

जैतुरामाय नदीकाठी वाळूत बसली होती. तिनं तंबाखू मळली, दाढेखाली धरली आणि मग विचारलं,

"काय काय आणलं?"

हिवराज याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्यानं दगडावर सगळा बाजार मांडला. गोणपाट. काथ्याचं पायपुसणं. कुठल्याशा जीपमधली रबरी चटई. आणि शेवटी, नवरीला मांडवात आणावं तसा हळूच उलगडलेला, लोकरीचा एक जाडजूड गालिचा.

टोलीतले लोक जवळ सरकले. ही सगळी सोनझाऱ्यांची टोली. नदीची वाळू लाकडी थाळीत घोळायची आणि सोन्याचे कण वेचायचे, हाच यांचा धंदा. ओल्या वाळूवर घोंगडी टाकायची, तिच्यावर गुडघे टेकायचे, दिवसभर थाळी हलवायची. गुडघे कामातून जातात, पण नदी काही संपत नाही.

हिवराजला हे गुडघे टेकणंच मान्य नव्हतं. त्यानं स्वतःच्या घराचं दार काढून त्याच्या फळ्यांची लांब, उतरती पेटी केली होती. वरून पाणी आणि वाळू सोडायची. हलकी वाळू वाहून जाणार, जड सोनं आडव्या पट्ट्यांमागे तळाशी बसणार. गडी हुशार, यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे तो स्वतःच दिवसातून इतक्यांदा सांगायचा, की दुसऱ्या कोणाला सांगायला जागाच उरत नसे.

घराला दार नाही म्हणून दारात बायकोचं जुनं लुगडं टांगलेलं होतं. त्याची बायको देवकन त्यावरून रोज त्याचा उद्धार करी.

एवढं करूनही पेटी कोरडीच होती. कारण टोलीचा रिवाज. नवं काहीही नदीत उतरवायचं, तर वाळूची पहिली मूठ जैतुरामायनं टाकायची. तिनं टाकली नाही तर ती पेटी म्हणजे सरपण. आणि माय काही मूठ टाकत नव्हती.

"हा गालिचा पाय, माय!" हिवराजची छाती फुगली. "बंद पडलेल्या टाकीजमधून आणला. याच्यात कण एकदा बसला का त्याचा बाप आला तरी उठणार नाई."

"आन् त्याची माय आली तर?"

लोक हसले. हिवराजचे कान तापले.

"सोडते काय हा?" मायनं विचारलं.

"नाई ना! सोडत नाई, तेच तं सांगून रायलो मी तुले!"

मायचा हात नाकाकडे गेला. तिनं नाकातली फुली काढली.

देवकनच्या तोंडून "अव बाई!" निघालं.

त्या फुलीची गोष्ट टोलीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. सोनझारी मेला की त्याची घोंगडी जाळतात. जन्मभर जिच्यावर गुडघे टेकले, तिच्यात कण अडकलेले असतातच. ती राख धुतात, आणि त्यातून निघेल ते त्याच्या बायकोला देतात. जैतुरामायच्या म्हाताऱ्याच्या राखेतून निघालं होतं ते एवढंच. एका फुलीपुरतं.

"कानस दे," माय हिवराजला म्हणाली.

"माय, नको..."

"दे म्हणलं ना तुले."

मायनं पळसाच्या पानावर फुली कानशीनं घासली. खर्र खर्र... पानावर पिवळी भुकटी पडत गेली. नाकात भोक तेवढं उरलं. तिनं ती भुकटी नदीच्या वाळूत कालवली आणि पाटीभर वाळू हिवराजपुढे सरकवली.

"हे तुह्या गालिच्यावरून जाऊ दे. आन् मंग माही फुली मले परत दे."

माघार घेईल तर तो हिवराज कसला! त्यानं गालिचा आंथरला, पट्ट्या ठोकल्या, पाणी सोडलं. वाळू खळखळत गेली. पेटीच्या खालच्या तोंडाशी ठेवलेली थाळी त्यानं चारदा घोळून पाहिली. थाळीत सोन्याचा एक कण नव्हता.

"पाय, माय! काहीच गेलं नाई! सगळं धरलं यानं!"

"मंग दे."

हिवराजनं गालिचा पाण्यात बुडवला. झटकला. दगडावर आपटला. पिळला. थाळीत उतरले ते दोनचार कण. बाकीचे लोकरीच्या मुळाशी, गाठींच्या आत, उन्हात लुकलुकत बसले होते. त्यानं नखानं उकरले तसे ते आणखी खोल गेले.

दुपार कलली. हिवराजची बोटं सोलून निघाली. त्याला रडू येत होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं, याचं त्याला आणखी रडू येत होतं.

"दिसते, माय... पण येत नाई."

"सोनं कोणापाशी हाये मंग?"

"...गालिच्यापाशी."

"तुह्यापाशी नाई?"

हिवराजनं एकदा त्या गालिच्याकडे पाहिलं. मग उठला आणि काटक्या गोळा करू लागला.

देवकन धावत आली. "अवो, काय करून रायले? जित्त्या माणसाचं आंथरूण जाळतेत काय कोणी? अभद्र!"

"होय, अभद्रच," हिवराज म्हणाला. "पण मायची फुली त्याच्याहून मोठी हाये."

संध्याकाळपर्यंत दगडावर वाळवलेला गालिचा त्यानं स्वतःच्या हातानं विस्तवात ढकलला. करपल्या लोकरीचा असा वास सुटला की अर्धी टोली नाक धरून पळाली. हिवराज मात्र हलला नाही. धुरानं डोळे भरले होते, की दुसऱ्या कशानं, ते त्याचं त्यालाच माहीत. ज्या गालिच्यावर तो इतका फुगला होता, त्याची पहाटेपर्यंत मूठभर राख झाली.

सकाळी ती राख त्यानं थाळीत घोळली. काळं पाणी गेलं, करडं गेलं... आणि थाळीच्या कडेला पिवळी चंद्रकोर उमटली. फुलीपेक्षा अंमळ जास्तच. वाळूतलं नदीचं सोनंही आलं होतं!

"निघाली! मायची फुली निघाली!" देवकनच आधी ओरडली. हिवराजचा जीव भांड्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मायनं थाळीकडे पाहिलंही नाही. ती आपल्या घोंगडीवर बसली होती. विरलेली, पातळ झालेली, आरपार ऊन दिसावं अशी घोंगडी. रोज संध्याकाळी काम संपलं की ती हिला नदीकाठी ठेवलेल्या पाण्याच्या घमेल्यात बुचकळायची. टोलीतली माणसं आपसात म्हणत, इतक्या वर्षांची घोंगडी, मायच्या माघारी जाळली तर पाटल्या होतील.

हिवराज उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता तो थाळी मायच्या हाती देणार.

तो म्हणाला, "माय, जरा उठतं काय?"

"काऊन?"

"घोंगडी पायजे."

माय उठली. हिवराजनं ती घोंगडी पेटीत आंथरली, वरून पट्ट्या दाबल्या. मग त्यानं थाळीतलं सगळं सोनं, रात्रभर धुरात बसून मिळवलेलं ते सगळं, पुन्हा वाळूत कालवलं.

"अरे, याले येड लागलं!" मागून टोलीतला खेमराज ओरडला. "हातात आलेली फुली टाकून रायला!"

देवकननं डोळ्यांवर पदर घेतला.

हिवराजनं पाणी सोडलं. वाळू खळखळत गेली. पट्ट्यांमागे काळी रेती थांबली, तिच्याखाली घोंगडीचे विरलेले धागे पाण्यात हलत होते.

पाणी थांबलं. त्यानं पट्ट्या काढल्या, घोंगडीची घडी केली, मायच्या घमेल्यात एकदाच बुडवली, उचलली.

घमेल्याच्या तळाशी सोनं लखलखत पडलं होतं.

त्यानं घोंगडी उन्हात धरली. एक कण राहिला नव्हता. पेटीच्या तोंडाची थाळी घोळली. तिथंही काही नव्हतं.

मग जो गलका उठला, तो पलीकडच्या काठावर गुरं राखणाऱ्यांनी ऐकला असेल! खेमराजनं त्याला खांद्यावर घेतलं. म्हातारे आपापले गुडघे चोळत पेटीभोवती गोळा झाले, फळ्यांवरून हात फिरवू लागले. "आता माह्या दाराचं पाय!" म्हणत देवकन रडता रडता हसत होती.

हिवराज खाली उतरला. काल त्यानं नुसती मान हलवून नमस्कार केला असता. आज तो मायच्या पायांवर डोकं ठेवून तसाच राहिला. मायनं त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला, खाली वाकली, नदीची मूठभर वाळू उचलली आणि पेटीत टाकली.

पहिली मूठ!

पुन्हा आरोळी झाली. ती ओसरली तेव्हा हिवराज अजून हातातल्या ओल्या घोंगडीकडेच पाहत होता. घमेल्यातलं सोनं त्यानं नजरेनं तोललं होतं. टाकलं होतं तेवढं, आणि आजच्या वाळूतली किंचित भर. बस्स.

"माय... इतक्या वर्साची घोंगडी. इच्यात तुहं काईच अडकलं नव्हतं?"

मायनं घोंगडी त्याच्या हातातून घेतली, झटकली आणि दगडावर वाळत घातली.

"मी मेल्यावर हिले जाळू नका. थंडीत कोणाच्या तरी अंगावर टाका."